किलोवर मिळणारी सुरक्षितता

29 मार्च 2023 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपुरातून एक अनोखी शोभायात्रा निघाली. वाहनावर देव नव्हता, नवरदेव नव्हता, निवडून आलेला उमेदवारही नव्हता. होतं ते सागवान. अयोध्येच्या राममंदिराची दारं घडवण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या जंगलातला साग निवडला गेला होता, आणि लाकडाची यथासांग पूजा करून त्याला निरोप देण्यात आला. गडचिरोलीच्या सागाचा लौकिक इंग्रजांच्या काळापासूनचा. इथल्या जंगलाच्या एका जपलेल्या तुकड्याचं नावच ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ आहे. देवाच्या दाराची चिंता ह्या दोन जिल्ह्यांनी अशी परस्पर मिटवली. स्वतःच्या दाराचा विषय निघाला, की मात्र इथला माणूस जंगलाकडे पाठ फिरवतो आणि थेट वेल्डिंगच्या दुकानात जातो.

घराचं काम आटोपत आलं की गडचिरोली, देसाईगंज, चामोर्शी, ब्रह्मपुरी, कुठेही हेच घडतं. फरशी चौरस फुटावर मिळते, विटा हजारावर मिळतात आणि गेट किलोवर मिळतं. हा व्यवहार नीट समजून घेतला नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

“भाऊ, हलकं नको जी. एकदम मजबूत पायजे.”

“मग सोळा गेजची शीट टाकू?”

“टाका ना. वाघ आला तरी वापस गेला पायजे.”

ज्याला किलोमागे पैसे मिळतात तो दुकानदार जास्त किलोंना विरोध करील, ही अपेक्षा चुकीची आहे. तो उलट खालून एक जादा पाइप सुचवतो, वरून भाले सुचवतो, मधोमध सूर्य सुचवतो. सूर्याचं तोंड हसरं हवं असेल तर आणखी दोन किलो. शेवटी दीड-दोनशे किलोंचं एक प्रकरण तयार होतं, चार माणसं ते कण्हत टेम्पोतून उतरवतात, आणि त्यांचं कण्हणं ऐकून घरमालकाच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. गेट उचलताना माणसं जितकी वाकली, तितकं घर सुरक्षित झालं, असा त्याचा हिशेब असतो. मग त्यावर लिंबू-मिरची येते, काळी बाहुली येते, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी येते. कुत्रं पुढेमागे येतं किंवा येत नाही.

आता वाघाचा उल्लेख ह्या भागात कोणी अतिशयोक्ती म्हणून करत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनक्षेत्रात सीटी-1 नावाचा वाघ जेरबंद झाला, तोवर 13 माणसांचा बळी त्याच्या नावावर लागला होता. त्याच वर्षी चंद्रपूरच्या वीज केंद्राला लागून असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्यांनी माणसं मारली, आणि संध्याकाळी सातनंतर पोरांना अंगणात सोडायचं की नाही यावर घराघरांत चर्चा झाली. मोहफुलांच्या दिवसांत अस्वल गावाच्या कडेला येतं. त्यात ऑक्टोबर 2021 पासून रानटी हत्तीही आले. मूळचे ओडिशाकडचे, छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत शिरले आणि कोरची, कुरखेडा, आरमोरीकडे फिरू लागले. तेव्हा भीती खरी आहे. तिच्यावर हसण्याचं कारण नाही.

हसण्याचं कारण उपायात आहे. बिबट्या गेटनं येत नाही. तो कंपाउंडच्या भिंतीवरून येतो, आणि भिंत पाच फुटांची ठेवून गेट सात फुटांचं करणाऱ्या माणसाची वास्तुकला त्याच्या पथ्यावर पडते. हत्तीला तर गेट उघडं आहे की बंद, यात काडीचाही रस नसतो. घरात साठवलेल्या मोहाचा किंवा धानाचा वास आला की तो सरळ भिंतीतून आत येतो. चोराला गेटचा त्रास होतो म्हणावं, तर भाल्यांच्या खालच्या आडव्या पट्ट्या त्याला पाय द्यायला बेताच्या अंतरावर बसवलेल्या असतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हे वजन विकत घेतलं, त्यांतल्या कोणाशीच त्याची गाठ पडत नाही. त्याच्याशी रोज, दिवसातून दहा वेळा गाठ पडते ती घरच्यांची. घरातली सर्वांत मोठी आणि सर्वांत जड हलणारी वस्तू कोणती, असं विचारलं तर लोक फ्रिजपासून सासऱ्यांपर्यंत काहीही सांगतील, पण उत्तर बहुतेक वेळा गेट किंवा शटर हेच असतं.

गाडी ठेवायची जागा म्हणून जे काही बांधलेलं असतं, तेही एकदा पाहून घ्यावं. गाडीसाठी वेगळी बंद खोली ह्या भागात थोड्यांकडे. बहुतेकांकडे पोर्च असतं आणि पोर्चला सरकतं गेट. बाजारपेठेत घर असेल, तर खालचा एखादा गाळा भाड्यानं न देता गाडीला दिलेला असतो आणि त्याला शटर असतं. गाडीला दिलेल्या ह्या जागेत दिवाळीपासून होळीपर्यंत कूलर राहतो. त्याच्या शेजारी धानाची पोती, दोन सायकली (एक चालते), उरलेल्या टाइल्स, मागच्या गणपतीचं मखर आणि कुणाच्या तरी लग्नात आलेली, कोणालाच नको असलेली पिंपं. गाडी रस्त्यावर उभी असते. दीडशे किलोंचं गेट कूलरची राखण करतं.

आणखी एक गोष्ट तिथे असते. सावली. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर सहज जातो, तेव्हा भर दुपारी घरातली पोट्टी पोर्चमध्येच खेळतात. आणि सरकत्या गेटाइतकं चांगलं खेळणं अजून बाजारात आलेलं नाही. ते आवाज करतं, हलतं, त्यावर उभं राहता येतं आणि धाकट्याला ढकलायला लावता येतं.

इथे थोडं गंभीर व्हावं लागतं. 2024 च्या जुलैअखेरीस पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेल भागात मुलं एका घराच्या सरकत्या गेटापाशी खेळत होती. एकानं गेट सरकवलं, ते निसटलं आणि समोरून जाणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलीवर कोसळलं. मुलगी गेली. तो काही सेकंदांचा कॅमेऱ्यातला भाग महाराष्ट्रभर मोबाइलवर फिरला. ज्यांनी तो पाहिला त्यांतल्या किती जणांनी मोबाइल खिशात टाकून स्वतःच्या गेटाचं टोक तपासलं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

कारण तपासायला लागतं फार थोडं. सरकत्या गेटाला खाली दोन चाकं असतात आणि ती जमिनीतल्या पट्टीवर धावतात. चाकं गेटला फक्त पुढेमागे नेतात. ते उभं धरून ठेवण्याचं काम वर खांबापाशी बसवलेले रोलर करतात. गेट ठरल्यापेक्षा जास्त सरकलं, की त्याचं टोक रोलरांच्या तावडीतून सुटतं. मग दीडशे किलो लोखंड कोणत्या बाजूला पडायचं ते आपलं आपण ठरवतं. तसं होऊ नये म्हणून पट्टीच्या दोन्ही टोकांना लोखंडाचा एकेक ठोकळा वेल्डिंग करतात. दुकानात त्याला स्टॉपर म्हणतात. अख्ख्या गेटातला सर्वांत स्वस्त भाग. सूर्य असतो, भाले असतात, घराचं नाव असतं, आणि स्टॉपर एका टोकाला असतो, दुसऱ्या टोकाला असायचा.

असायचा, म्हणजे गेला कुठे? त्याच्या जाण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. रंगवाल्याला गेट बाहेर काढायचं होतं म्हणून त्यानं तो तोडला आणि ‘नंतर लावून घ्या जी’ म्हणून सांगितलं. किंवा छोटी गाडी विकून मोठी घेतली, ती आत जाईना, गेट आणखी सहा इंच सरकलं असतं तर बरं झालं असतं. मग ते सरकवलं. नव्या गाडीची पेढ्यांसह पूजा झाली, तिच्या चाकांखाली लिंबं फोडली आणि त्याच आठवड्यात स्टॉपर कापला.

पल्ल्यांच्या गेटची तऱ्हा निराळी. त्याच्या खालच्या पट्टीवर उभं राहून झोका घेतला नाही असं बालपण विदर्भात सापडणार नाही, आणि तो झोका दर वेळी वरच्या बिजागरीला थोडा थोडा सोसावा लागतो. बिजागरी वेल्डिंगच्या दोन टाक्यांवर उभी असते. एक टाका सुटला की गेट थोडं खाली बसतं, जमिनीला घासू लागतं. त्यावर घरमालकाचा उपाय म्हणजे जमीन खरवडणं. आडवी घडी होणारं चॅनल गेट असेल तर प्रश्न बोटांचा. त्याच्या चौकटी मिटताना मधल्या फटी बरोबर पाच वर्षांच्या बोटाच्या मापाच्या होतात. ह्या गेटला आपलं बोट दाखवून आलेली मोठी माणसं घरोघरी असतात, आणि ती ते चेपलेलं नख अभिमानानं दाखवतात.

शटरचा विषय मात्र जरा सावकाश घ्यायला हवा, कारण शटर ही नुसती वस्तू राहिलेली नाही, ती संस्था आहे. पुढाऱ्याचं निधन झालं की शटर खाली. दक्षिण गडचिरोलीत माओवाद्यांच्या बंदची हाक यायची, तेव्हाही शटर खाली. कोविडच्या टाळेबंदीत तर ‘अर्धं शटर’ नावाची एक स्वतंत्र अर्थव्यवस्था उभी राहिली. वरचा अर्धा भाग शासनाचा आदेश पाळत होता आणि खालच्या अर्ध्या भागातून साखर, गुटखा आणि मोबाइलचं रिचार्ज बाहेर येत होतं. सगळं गाव त्या दिवसांत कमरेत वाकून चालायला शिकलं. कपाळावर आडवा व्रण असलेला माणूस भेटला, तर तो किराणा घ्यायला गेला होता हे समजून घ्यायचं.

त्या अर्ध्यावर थांबलेल्या शटरखालून जाताना कोणी विचारलं नाही, की हे थांबतं कशाच्या जोरावर? आठ बाय आठ फुटांचं साधं लोखंडी शटर साठ-सत्तर किलोंचं सहज भरतं. ते एका माणसाला हुकाच्या काठीनं वर ढकलता येतं, कारण वरच्या नळीत गुंडाळलेल्या स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढताना त्या पिळल्या जातात आणि वर नेताना तोच पीळ सुटून वजन पेलतो. भारतीय मानक संस्थेनं धातूच्या गुंडाळत्या शटरांसाठी आयएस 6248 नावाचं मानक फार पूर्वी करून ठेवलं आहे. शटर घेताना ह्या क्रमांकाचा उच्चार केला, तर दुकानदार चमकून पाहतो आणि गिऱ्हाईक सरकारी खात्यातलं असावं असं समजून चहा मागवतो.

स्प्रिंग गंजते. पावसाळ्यात इथे पाऊस काही हातचं राखून पडत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि बाजारपेठेत पाणी शिरतं. पाणी उतरल्यावर दुकानदार तांदूळ वाळवतो, वह्या वाळवतो, शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत बसलेला गाळ मात्र तसाच राहतो. मग शटर अडकू लागतं. अडकलेलं शटर लाथ मारून खाली आणायचं, हे आपलं राष्ट्रीय तंत्रज्ञान आहे. कधी तरी स्प्रिंग तुटते, आणि आजवर दोन बोटांनी खाली येणारं शटर सगळं वजन घेऊन एकदम उतरतं. तोवर इशारे बरेच मिळालेले असतात. वर नेताना जोर जास्त लागणं, एक बाजू पुढे आणि एक मागे राहणं, मध्येच ‘टणत्’ असा आवाज येणं. ह्या सगळ्यांवर घरात एकच औषध असतं. खाली वीट ठेवणं. विटेवर श्रद्धा असणं पंढरपूरला ठीक आहे.

शटर धडधाकट आहे का, हे पाहायला एक मिनिट लागतं. ते छातीइतकं वर न्यायचं, बाजूला उभं राहायचं आणि सोडायचं. जागीच थांबलं तर बरं आहे. घसरत खाली आलं, तर स्प्रिंग थकली आहे, आणि मिस्त्रीला बोलवायचं. मिस्त्रीलाच. धाकटे जावई व्हिडिओ पाहून आलेले असतात आणि त्यांच्या हातात पाना असतो, तरी त्यांना गोड बोलून नाश्त्याला बसवावं. पिळलेल्या स्प्रिंगेतला जोर मोकळा करणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि जावयाला भावजी म्हणणारे तिघं असले तरी हात दोनच असतात.

शटरच्या खालच्या फटीचाही विचार व्हायला हवा, कारण ती फट माणसांखेरीज इतरांच्याही सोयीची असते. गाळ्यात धान असतं, धानाला उंदीर येतात, उंदरांमागून साप येतो. ह्या साखळीत शटर म्हणजे फाटक उघडं ठेवलेला टोलनाका. गडचिरोलीत नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे चारही विषारी साप आहेत. मण्यार रात्री हिंडते, तिचा दंश फारसा दुखतही नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावा बसतो. भामरागड तालुक्यात हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदा आमट्यांच्या लोकबिरादरी दवाखान्यात सर्पदंशाचे आणि अस्वलानं फाडलेले रुग्ण वर्षानुवर्षं येत आले आहेत. अस्वलाला अडवणारं गेट अजून कोणी बनवलेलं नाही. पण शटरच्या खालच्या पट्टीला रबर लावलं की जमिनीलगतची फट बुजते, आणि ते रबर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. तेवढ्यासाठी कोणी दुकानात जात नाही, हा भाग वेगळा. लोक दुकानात काळी बाहुली घ्यायला जातात.

गॅरेजच्या वरून खाली येणाऱ्या दारांचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थांनी 1921 मध्ये डोक्यावर सरकत जाणारं गॅरेजचं दार काढलं आणि 1926 मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. कालांतरानं माणूस गाडीतून न उतरता घरात शिरू लागला. पुढे हे दार घरोघरी झालं आणि मग लक्षात आलं, की मोटरला माणूस आणि मोकळी जागा यांतला फरक कळत नाही. 1980 च्या दशकात अशा दारांखाली सापडून डझनांनी मुलं दगावली. बटण दाबायचं आणि दार टेकायच्या आत खालून पळायचं, हा तिथल्या मुलांचा खेळ झाला होता. 1990 मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा केला, आणि 1 जानेवारी 1993 पासून बनणाऱ्या प्रत्येक स्वयंचलित दाराला अडकलेलं माणूस ओळखून उलट फिरण्याची सोय सक्तीची झाली. जमिनीपासून सहा इंचांच्या आत दोन्ही बाजूंना दोन डोळे बसवायचे. त्यांच्यामधल्या अदृश्य किरणाला कोणी आडवं आलं की दार थांबून परत वर जातं. डोळे चुकले आणि दार कशाला टेकलंच, तरी दोन सेकंदांत त्यानं माघार घ्यायला हवी.

ह्या डोळ्यांचा सर्वांत कसून वापर न्यू जर्सीतल्या मराठी घरांत होत असावा. तिथे गॅरेजमध्ये गाडी सोडून गणपतीचं मखर, ढोल-ताशा पथकाचे ढोल, तांदळाची पोती आणि दुसरा फ्रिज असतो. म्हणजे चामोर्शीच्या पोर्चमध्ये जे असतं तेच, फक्त कूलर नाही. चामोर्शीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी दारात कुरडया वाळत घालतात. आबाजी दार खाली येत असताना त्या किरणापुढे चप्पल धरून पाहतात. दार येतं, चप्पल पाहतं, परत जातं. “शहाणं आहे वो!” असा शेरा मिळतो. आबाजी मग नातवाला घेऊन हा प्रयोग दिवसभर करतात, आणि संध्याकाळी सुनेला समजतं, की दाराला परत जायची सवय आहे हे नातवाला शिकवून ठेवलं गेलं आहे. तिथला नियम आबाजींच्या प्रयोगाच्या बरोबर उलटा आहे. भिंतीवरचं बटण मुलाचा हात पोहोचणार नाही अशा पाच फुटांच्या उंचीवर, रिमोट मोठ्यांच्या खिशात, आणि दार चालू असताना त्याच्याखाली कोणी जायचं नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीतही आता रिमोटवरची गेटं आणि मोटरची शटरं दिसू लागली आहेत. नव्या बंगल्याचा मालक पहिले पंधरा दिवस पाहुण्यांना चहाआधी गेट दाखवतो. सोळाव्या दिवशी वीज जाते. शहराच्या कडेला 2,920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात, आणि मालक स्वतःच्याच गेटाबाहेर उभा राहून भालदारासारखा घोषणा देत असतो. अशा वेळी मोटर सोडवून गेट हातानं चालवण्याची एक कळ असते. तिची किल्ली घरात, ड्रॉवरमध्ये. मोटर बसवून देणाऱ्याकडून ही कळ कुठे आहे आणि कशी ओढायची, हे समजून घेऊन घरातल्या प्रत्येकानं, स्वयंपाकाच्या मावशींसकट, एकदा करून पाहायला हवं. आग लागली की वीज आधी जाते.

दुसरी अडचण कोळशाची. खाणींच्या आणि वीज केंद्राच्या परिसरात धूळ आणि राख इतकी, की सकाळी पुसलेल्या काचेवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. गेटच्या त्या दोन डोळ्यांवरही तीच बसते. डोळे मळले, की गेट विनाकारण थांबतं आणि परत जातं. पंधरा दिवसांत घरमालक वैतागतो आणि वायरमनला म्हणतो, “ते डोळे काढूनच टाक बे.” वायरमन दोन वायरी जोडून डोळ्यांना कायमचं आंधळं करतो आणि गेट सुरळीत चालू लागतं. सुरळीत म्हणजे आता ते कोणासाठीही थांबत नाही. फडकं मारायला जेवढा वेळ लागला असता, त्याहून जास्त वेळ ह्या दुरुस्तीत गेलेला असतो.

मोटरच्या दाराची अमेरिकी चाचणी इथेही करता येते. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराच्या बरोबर खाली आडवी ठेवायची आणि दार बंद करायचं. फळीला टेकताच ते परत वर जायला हवं. जात नसेल, तर दुरुस्त होईपर्यंत मोटर बंद ठेवायची. लाकडाला ह्या जिल्ह्यांत तोटा नाही. फळी सागाची असेल तर मात्र पावती जवळ असू द्यावी. चाचणी चालू असताना वनरक्षक आला, तर दाराच्या सुरक्षिततेचा मुद्दा त्याला पटेलच असं नाही.

बंद दारामागचा आणखी एक धोका आहे, आणि त्यात विनोदाला जागा नाही. जुलै 2021 मध्ये त्याच दुर्गापुरात रात्री वीज गेली म्हणून एका कुटुंबानं जनरेटर घरात लावला आणि दारं-खिडक्या लावून सगळे झोपले. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडनं एकाच घरातली सहा माणसं सकाळपर्यंत गेली. ह्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. जनरेटर गाळ्यात ठेवून शटर अर्धं उघडं ठेवलं तरी भागत नाही, कारण धूर दाराच्या फटीतून घरात शिरतो. तो घराबाहेर, उघड्यावर, खिडक्यांपासून लांबच हवा. बंद गाळ्यात गाडीचं इंजिन चालू ठेवून आत एसीत बसणाऱ्यांनाही हेच लागू आहे, मग उन्हाळा कितीही मी म्हणो.

राहता राहिली गाडी मागे घेण्याची गोष्ट. हा आपल्याकडे सामूहिक कार्यक्रम असतो. चालक आत, आणि मागे घरातले तीन पुरुष तीन वेगवेगळ्या दिशा दाखवत “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत असतात. गाडी भिंतीला लागल्यावरच “बस” हा शब्द येतो. ह्या गोंधळात सर्वांत लहान मूल गाडीमागे असतं, कारण सर्वांत जास्त मजा तिथे चाललेली असते, आणि आरशात ते दिसत नाही. तीन पुरुषांपैकी दोघांना घरात पाठवावं आणि उरलेल्यानं मुलाला कडेवर घेऊन चालकाला दिसेल अशा जागी उभं राहावं. मग दिशा चुकीची दाखवली तरी बिघडत नाही, बंपर नवा मिळतो.

ह्या भागात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात, आणि घरंच्या घरं गेटला कुलूप लावून शेजारच्या गावी जातात. ज्या गावात नाटक, तिथे पाहुण्यांची पोरं मुक्कामाला येतात, आणि पोर्चमधली गर्दी वर्षातली सर्वांत मोठी असते. म्हणून काम त्याआधी, दसऱ्यापूर्वीच उरकलेलं बरं. दसऱ्याच्या दिवशी वेल्डिंगच्या यंत्राला हार घातलेला असतो, तेव्हा कोणी काम करत नाही, आणि पुढे धानकापणी सुरू झाली की वेल्डिंगवाला पठ्ठ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडण्यात गुंततो. त्याला आधीच्या आठवड्यात फोन करा. सरकत्या गेटच्या दोन्ही टोकांना स्टॉपर लावून घ्या, वरचे रोलर आवळून घ्या, बिजागरीचे टाके पाहायला सांगा, शटरला ग्रीस द्यायला लावा. एका स्टॉपरचं वजन अर्धा किलोही भरत नाही. त्यानं पूर्ण किलोचे पैसे लावले तरी घासाघीस करू नका.